ताई, माझं सिबिल सुधरेल का?

दिवाळीत गाड्यांच्या शोरूमवाल्यांची चांदी झाली की पुढच्या महिन्यात माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो, हे आता ठरलेलंच आहे. या वेळी १४ पत्रं आली आणि त्यातली ११ सिबिलची, म्हणजे कर्ज वेळेवर फेडतो की नाही यावरून मिळणाऱ्या स्कोअरची. बहुतेकांनी नुसता आकडा लिहून पाठवलाय, ताई ६८४ आहे, ताई ७११ आहे, चालेल का. अहो, आकड्यावरून मी काय सांगणार, आकडा का पडला ते रिपोर्टात लिहिलेलं असतं आणि तो रिपोर्ट कोणी उघडूनच बघत नाही. आणि कृपा करून पॅन नंबर पत्रात लिहू नका, दोघांनी लिहिलाय, मी ती पत्रं फाडून टाकली.

आपलं इंदूर तसं कर्ज घेण्यापेक्षा देणाऱ्यांचं गाव बरं का. खंडव्याहून इंदुरास रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीवर. तेव्हा इंग्रजांचं सिबिल कोणी काढलं होतं देव जाणे. असो. पत्रांकडे वळते.

ताई नमस्कार. मी २५ वर्षांचा आहे, सुपर कॉरिडॉरवर आयटीत नोकरी, दोन वर्षं झाली, पगार ५२ हजार. एक रुपयाचं कर्ज नाही, क्रेडिट कार्डपण नाही, बाबांनी घेऊच दिलं नाही, म्हणतात आपल्या घरात कोणी कधी उधारी केली नाही. आता बाइकसाठी लोन बघायला गेलो तर शोरूमवाला म्हणाला, भिया तुम्हारा सिबिल तो माइनस में है. स्क्रीनवर खरंच उणे १ दिसत होतं. कर्जच नाही तर मायनस कसं? – स्कीम ७८

अरे बाळा, घाबरू नकोस, उणे १ म्हणजे तू कोणाचं देणं लागतोस असं नाही, तुझी पाटी कोरी आहे एवढंच. कधी नुसतं एनएच असं येतं, अर्थ तोच, हिस्ट्री नाही. खरा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो तुला अजून मिळालेलाच नाही, तर खराब कुठून होणार.

आमच्या लहानपणी रामबागेच्या कोपऱ्यावर एक किराणावाला होता, त्याच्याकडे लाल कापडाची लांब वही असायची. महिन्याचं सामान उधार जायचं आणि ७ तारखेला आई मला पैसे घेऊन पाठवायची. ज्याचे पैसे ७ ला येतात आणि ज्याचे २० ला येतात, दोघांचं त्याला तोंडपाठ होतं, पण जो कायम रोख घ्यायचा त्याच्याबद्दल त्याला काहीच माहीत नसायचं, बिचारा कितीही सज्जन असो. सिबिल म्हणजे तीच लाल वही, फक्त सगळ्या देशाची. तसं बघितलं तर सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे, २००० साली सुरू झालेली, आपण टूथपेस्टला कोलगेट म्हणतो ना तसं झालंय. अशा चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघी २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली चालतात. बँका आणि फायनान्सवाले तुझ्या कर्जाची सगळी माहिती त्यांना पाठवतात. या वहीत तुझा पगार नाही, एफडी नाही, म्युच्युअल फंड नाही, बाबांचं घर नाही. फक्त घेतलेलं कर्ज आणि ते कोणत्या तारखेला फेडलं. त्यामुळे गडगंज माणसाचा स्कोअर ६२० आणि त्याच्याच ड्रायव्हरचा ७८० असं मी स्वतः बँकेत लोनच्या टेबलावर बघितलंय.

बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. पण आता तू एक कर. ज्या बँकेत पगार येतो तिथे २०-२५ हजारांची एफडी कर आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड माग. एफडीवरचं कार्ड कोऱ्या पाटीवाल्याला सहज मिळतं, कारण बँकेचा पैसा बँकेकडेच असतो. त्यावर फक्त पेट्रोल आणि मोबाईलचं बिल टाक, आणि पूर्ण बिलाचं ऑटो डेबिट लावून विसरून जा. साधारण सहा महिन्यांत आकडा दिसायला लागतो. बाइकची घाई असेल तर हेही सांगते की रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना म्हटलंय, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ हिस्ट्री नाही म्हणून फेटाळू नका. पगाराच्या पावत्या घेऊन आपल्याच बँकेत जा. शोरूममध्ये सही करू नकोस, तिथला एजंट एकाच दुपारी तुझा अर्ज चार फायनान्सवाल्यांकडे टाकतो, चौघं रिपोर्ट उघडतात, आणि तुझ्या कोऱ्या पाटीवर पहिल्याच दिवशी चार एन्क्वायऱ्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं या पोराला पैशाची फारच नड आहे.

मी भंवरकुआंला कोचिंगमध्ये शिकवते. कार्डाची लिमिट ४० हजार आहे. किराणा, सासऱ्यांची औषधं, मुलीची फी सगळं कार्डावरच करते कारण पॉइंट मिळतात, महिन्याला ३५-३६ हजार होतात. बिल पूर्ण भरते, आजपर्यंत एक दिवस उशीर नाही. तरी स्कोअर ७६० वरून ७२५ वर आला. हे काय लॉजिक? – सुदामा नगर

तुमचा राग मला कळतो, पण लॉजिक आहे. ४० हजारांच्या लिमिटमध्ये ३६ हजार वापरले म्हणजे ९० टक्के. बँक साधारण तुमच्या बिलाच्या दिवशी जी बाकी असते ती कळवते, तुम्ही ती १५ दिवसांनी पूर्ण भरणार आहात हे त्या आकड्यात कुठे लिहिलेलं असतं? त्यांना दिसतं की ही बाई दर महिन्याला गळ्यापर्यंत बुडालेली असते. ३० टक्क्यांच्या आत राहा असं सगळे सांगतात, तो काही कायदा नाही, ठोकताळा आहे, पण चांगला ठोकताळा आहे.

आता उपाय दोन आणि दोन्ही फुकट. पहिला, बिल बनायची तारीख बघून ठेवा, समजा १८ असेल तर १६ लाच अॅपमधून २५ हजार भरून टाका. मग बिल ११ हजारांचं बनेल आणि तेवढंच पुढे कळवलं जाईल. खर्च तोच, पॉइंट तेच. दुसरा, बँकेला सांगून लिमिट वाढवून घ्या. लिमिट सव्वा लाख झाली तर तेच ३६ हजार २९ टक्क्यांच्या आत येतात. पण लिमिट वाढली म्हणून खर्च वाढवणाऱ्यातल्या तुम्ही असाल तर हा दुसरा उपाय मी सांगितलाच नाही असं समजा.

एक-दोन महिन्यांत फरक दिसेल. जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून निदान दोनदा ही माहिती पाठवावी लागते, पूर्वीसारखं महिनाभर थांबायला नको.

यालाच जोडून राजेंद्र नगरच्या एका वाचकांनी विचारलंय की मी मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, नेमाने भरतो, मग प्रॉब्लेम काय. प्रॉब्लेम असा की उशिराचा डाग लागत नाही हे खरं, पण बाकी तशीच राहते आणि वर व्याज. ५२ हजारांचं बिल धरा, व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, म्हणजे १,८२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३२८. तुम्ही २,६०० भरले तर मुद्दल कमी झालं साडेचारशे. भाऊ, तुम्ही बँकेचे आवडते गिऱ्हाईक आहात.

ताई, आमचं क्लॉथ मार्केटला छोटं दुकान आहे. २०१९ ला मिस्टरांनी पर्सनल लोन घेतलं होतं, मग लॉकडाऊन लागला, दुकान बंद, हप्ते थकले. रिकव्हरीवाले दुकानात येऊन बसायचे, गिऱ्हाइकांसमोर बोलायचे. २०२२ ला एकाने सांगितलं, भाभीजी ९५ हजार दे दो, फुल अँड फायनल कर देते हैं. बाकी १ लाख ८० हजार होती. दागिने मोडून ९५ भरले, पत्र पण मिळालं. आता घरासाठी लोन मागितलं तर बँक म्हणते तुमचं सेटलमेंट आहे, नाही देता येत. पैसे भरून पण आम्हीच चोर? – एक वाचक

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चोर वगैरे काही नाही हो, पण तुम्हाला त्या वेळी जे सांगायला हवं होतं ते कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी गिऱ्हाइकांसमोर बोलणारा माणूस दुकानातून उठावा म्हणून तुम्ही तेच केलं असतं, मीही केलं असतं.

गोष्ट अशी आहे की कर्ज संपण्याचे रिपोर्टात वेगवेगळे शब्द आहेत. पूर्ण फेडलं तर क्लोज्ड. बँकेने काही रक्कम सोडून दिली तर सेटल्ड. बँकेने येण्याची आशाच सोडून वहीत नुकसान दाखवलं तर रिटन ऑफ. तुम्हाला वाटलं मिटलं, बँकेच्या भाषेत तुमचे ८५ हजार सोडले, आणि पुढची बँक जेव्हा सेटल्ड हा शब्द वाचते तेव्हा तिला एवढंच दिसतं की या माणसाला दिलेले पूर्ण परत आले नव्हते. फुल अँड फायनल या शब्दात फुल काही नसतं. आणि या कंपन्यांना कायद्याने माहिती निदान ७ वर्षं ठेवावीच लागते, त्यामुळे आपोआप पुसलं जाईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

आता काय करायचं. ज्या बँकेचं लोन होतं तिथे अर्ज द्या, लेखी, एजंटमार्फत नाही, की आम्हाला राहिलेली रक्कम भरून खातं क्लोज्ड करून घ्यायचंय, किती भरायचे ते लेखी कळवा. बऱ्याचदा बँका मुद्दलाची सोडलेली रक्कम घेऊन तयार होतात, दंड-व्याजावर बोलता येतं, बोला, लाजू नका, कापडाचा भाव करता तसाच करायचा. पैसे भरायच्या आधी हे लेखी घ्या की रक्कम भरल्यावर चारी कंपन्यांकडे सेटल्डच्या जागी क्लोज्ड कळवू. हे पत्र नसेल तर पैसे देऊ नका. भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं आणि ४०-४५ दिवसांनी रिपोर्ट काढून बघायचा.

८५ हजार आत्ता नसतील तर घराचं थोडं थांबवा. खोटं कशाला सांगू, क्लोज्ड झाल्यावर पण जुने थकलेले महिने त्या चौकटीत दिसत राहतील (चौकट कसली ते पुढच्या उत्तरात आहे), पण १२-१८ महिने सगळं वेळेवर गेलेलं दिसलं की बँका बोलायला लागतात. आणि हो, पहिल्या बँकेने नाही म्हटलं म्हणून लगेच पाच बँकांत अर्ज टाकत फिरू नका, प्रत्येक नकार मागे एक एन्क्वायरी सोडून जातो. ते दुकानात येऊन बसण्याबद्दल पण बोलते, परत कोणी आलं तर नाव आणि वेळ लिहून घ्या आणि बँकेत लेखी तक्रार करा. अपमान करायचा हक्क त्यांना कोणी दिलेला नाही, आणि एजंट कसा वागतो याची जबाबदारी बँकेचीच असते, आमचा माणूस नाही म्हणून हात झटकता येत नाहीत.

नमस्कार. माझ्या सिबिल रिपोर्टमध्ये एक टू-व्हीलर लोन दिसतंय, भोपाळच्या ब्रांचचं, थकलेलं. मी भोपाळला लोन घेतलंच नाही, माझ्याकडे टू-व्हीलर वडिलांच्या नावाची आहे. माझ्या नावाचे आणि आडनावाचे इंदुरातच चार-पाच जण असतील. बँकेत गेलो तर म्हणतात सिबिलशी बोला, सिबिलला फोन केला तर म्हणतात बँकेशी बोला. – वैशाली नगर

हे पत्र मला माझंच वाटलं म्हणून आधी माझी फजिती ऐका. मुलाच्या होम लोनमध्ये मी को-अॅप्लिकंट होते. बँकेतला मुलगा, माझ्याच हाताखाली शिकलेला, कॉम्प्युटरकडे बघून गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, मॅडम तुमचं ६४१ येतंय. ३१ वर्षं बँकेत, त्यातली १२ लोनच्या टेबलावर, लोकांना तारखेला हप्ता भरा म्हणून शिकवणारी मी, आणि ६४१. कानशिलं तापली अक्षरशः.

रात्री जेवणाच्या टेबलावर रिपोर्टची प्रिंट पसरली, चष्मा, पेन्सिल आणि नातवाची फूटपट्टी घेऊन बसले. रिपोर्टात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक चौकट असते, मागच्या ३६ महिन्यांची. प्रत्येक खणात तीन आकडे. ००० म्हणजे त्या महिन्यात काही थकलं नव्हतं. ०३० म्हणजे ३० दिवस उशीर, ०६० म्हणजे ६०. कधी आकड्याऐवजी एसटीडी असतं म्हणजे ठीकच, आणि तीन फुल्या असल्या तर त्या महिन्याचं बँकेने काही कळवलंच नाही. फूटपट्टी एकेक ओळ खाली सरकवत गेले, सगळीकडे शून्य शून्य शून्य, आणि मग एका जुन्या क्रेडिट कार्डाखाली ०२९, ०६०, ०९०, १२१. ते कार्ड मी कधीचं बंद केलं होतं, म्हणजे फोनवर सांगितलं होतं आणि पलीकडून गोड आवाजात हो मॅडम झालं असं उत्तर आलं होतं. झालं काहीच नव्हतं. वर्षाची फी लागली, ५०० आणि जीएसटी, ५९० रुपये, त्यावर उशिराचा दंड, दंडावर व्याज, आणि बिलं जात होती माझ्या जुन्या घरच्या पत्त्यावर. ५९० रुपयांपायी हे सगळं. कोणती बँक ते सांगणार नाही, माझीच इज्जत जाते.

(आता नियम आहे, कार्डावर बाकी काही नसेल तर बंद करायचा अर्ज दिल्यापासून ७ कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर पुढे रोजचे ५०० रुपये ग्राहकाला. म्हणून अर्ज ईमेलवरच द्या, तारीख राहते.)

आता तुमचं. बँकेकडे जा, सिबिलकडे जा हा जो टोलवाटोलवीचा खेळ आहे ना, त्यावर आता घड्याळ लागलंय. सिबिलच्या वेबसाइटवर लॉगिन करून डिस्प्यूट, म्हणजे माहिती चुकीची असल्याची तक्रार, टाका, फोनवर नाही. रिपोर्ट वरपासून वाचा, फक्त ते कर्ज नाही, जन्मतारीख, पत्ते, फोन नंबर, पॅन सगळं बघा, कारण दुसऱ्याचं कर्ज तुमच्यात आलं असेल तर बहुधा त्याचा पत्ता नाहीतर फोनपण आलेला असतो आणि तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. त्या सगळ्यावर डिस्प्यूट टाका. सिबिल स्वतःहून काही खोडू शकत नाही, ज्याने माहिती पाठवली त्यालाच विचारावं लागतं, पण तुमची तक्रार तुमच्या तारखेपासून ३० दिवसांत मिटली पाहिजे, त्यातले २१ दिवस बँकेचे. नाही मिटली तर ३१ व्या दिवसापासून रोजचे १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने द्यायची.

त्याच दिवशी त्या बँकेलाही ईमेल करा, ब्रांचला नाही, त्यांच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पत्ता वेबसाइटवर असतो. त्यात एकच वाक्य नीट लिहा की या लोनच्या अर्जाची, माझ्या सहीची आणि पॅनची कॉपी दाखवा. नसलेली सही ते कुठून दाखवणार? पण दाखवली, आणि पॅन खरंच तुमचा निघाला, तर मग ही नावाची गडबड नाही, कोणीतरी तुमचे कागद वापरलेत, तेव्हा पोलिसांत तक्रार आधी. ३० दिवस झाले आणि काही झालं नाही, नाहीतर उत्तर आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा ओम्बड्समन, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन, फी नाही, वकील लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून या क्रेडिट कंपन्यासुद्धा त्याच्या कक्षेत आल्यात. सिबिलमध्ये दुरुस्त झालं म्हणजे बाकी तिघींकडे झालं असं समजू नका, चौघींचे रिपोर्ट काढून बघा, प्रत्येकीला वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, २०१७ पासून. मी हे फुकटचे रिपोर्ट दर तीन महिन्यांनी एकीचा असे वाटून घेतलेत, वर्षभर लक्ष राहतं आणि खिशातून काही जात नाही.

साडूच्या टेम्पोच्या लोनला मी गॅरंटर राहिलो, आता तो ४ महिन्यांपासून हप्ते भरत नाही, फोन उचलत नाही. माझा स्कोअर १०० नी पडला. मी तर फक्त सही केली होती. घरात बोललो की बायको नाराज होते. – लोकमान्य नगर

फक्त सही. भाऊ, ३१ वर्षांत हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील. १८७२ चा आपला करार कायदा आहे, त्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच, पाव नाही अर्धी नाही. बँक त्याला सोडून सरळ तुमच्याकडेही येऊ शकते. आणि ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात पहिल्या दिवसापासून आहे, गॅरंटर म्हणून, तुम्ही बघितलं नव्हतं एवढंच.

मधूनच गॅरंटी काढून घेता येत नाही, बँकेने दुसरा जामीनदार नाहीतर तारण मान्य केलं तरच. त्यामुळे आधी बँकेत जाऊन थकलेली रक्कम लेखी घ्या. मग साडूला एकटं गाठू नका, सासरे असतील तर त्यांच्यासमोर बसा, टेम्पो विकून कर्ज मिटतंय का ते बघा, बँकेने ओढून नेलेल्या गाडीपेक्षा स्वतः विकलेल्या गाडीला भाव बरा येतो. तोपर्यंत जमत असेल तर जमेल तेवढी थकबाकी तुम्ही भरा, ९० दिवसांच्या वर गेलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि तुमचं चार महिने म्हणजे झालेलंच असेल, त्यातून वर यायला सगळीच थकबाकी भरावी लागते, एका हप्त्याने भागत नाही. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती तुमच्या नावाने घ्या, साडूकडून वसूल करायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. बायकोच्या नाराजीचं मला विचारू नका, माझ्या टेबलावर ते कधी येत नव्हतं.

खांबाखांबावर चिटकवलेलं असतं, सिबिल सुधारा, १५ दिवसात ७५० गॅरंटी, ४,९९९ रुपये. खरं असतं का? आणि स्वतः स्कोअर बघितला तर कमी होतो का? – अन्नपूर्णा रोड

नाही. आणि नाही. ते ४,९९९ घेऊन तुमच्या नावाने तोच फुकटचा डिस्प्यूट टाकतात, वर तुमचा आधार, पॅन आणि ओटीपी त्यांच्याकडे. खरी असलेली थकबाकी कोणीच पुसू शकत नाही. आणि स्वतः बघितल्याने एक पॉइंटही कमी होत नाही, कर्ज मागितल्यावर बँक बघते त्याचाच हिशोब धरतात.

मी ७१ वर्षांचा पेन्शनर. होम लोन ऑगस्टमध्ये संपलं, आता कोणाचं काही देणं नाही. तेव्हा सिबिल ८१२ होतं, परवा बघितलं तर ७९६. माझं काय चुकलं? झोप लागत नाही. – तिलक नगर

काका, काहीच चुकलं नाही. जुनं, नेमाने फेडलेलं कर्ज बंद झालं की चालू खात्यांत ते राहत नाही आणि आकडा थोडा हलतो. तुम्हाला आता कर्ज घ्यायचंय का? नाही ना? मग मोबाईलमधलं ते अॅप नातवाला सांगून काढून टाका.

पण घराची मूळ रजिस्ट्री बँकेतून परत आली का? पत्रात काही लिहिलं नाहीत म्हणून विचारते. लोन संपल्यापासून ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत द्यायचे असा नियम आहे, डिसेंबर २०२३ पासून, आणि बँकेमुळे उशीर झाला तर रोजचे ५,००० रुपये भरपाई. ऑगस्टपासून मोजा. उद्या पोहे खाऊन झाले की एनओसी घेऊन ब्रांचला जा, आणि त्यांनी पाकीट दिलं की तिथेच उघडून पानं मोजा, घरी येऊन नाही.